चिठ्ठीखालचं नाव

गारखेड्यातली ती खोली मला मिळाली ती माझ्या स्कूटरची चाकं गरम नव्हती म्हणून. खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक फाटकातच उभे होते. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीची खाकी हाफ पँट आणि वर नुसता बनियन. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही नाही. सरळ उकिडवे बसले आणि माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकाच्या मधोमध तळहात टेकवला. मग मागच्या चाकाला. आई पोराचा ताप बघते तसे क्षणभर थांबले आणि उठले.

"कुठनं आलास?"

"शहागंजातून. तिथल्या एका प्रेसमध्ये प्रूफं तपासतो."

"ब्रेक घासत नाय तुझा. गाडी संभाळनारा मानूस खोली बी संभाळतो. वर जाऊन बघून घे."

या हात लावण्याला काका, म्हणजे हे घरमालक, 'हॉल्ट परेड' म्हणत. रणगाड्यांच्या फौजेतली ही रीत. गाडी निघण्याआधी तपासायची ती पहिली परेड, वाटेत थांबली की हॉल्ट परेड आणि दिवस संपल्यावर शेवटची परेड. चाकाचा मध्य तापलेला असेल तर आत काहीतरी घासतंय, हे डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतं. रणगाड्याला ते कधी रणगाडा म्हणाले नाहीत. 'गाडी' म्हणत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गृहस्थांनी ही सवय सोडली नव्हती. रिक्षातून उतरले की पैसे द्यायच्या आधी रिक्षाच्या चाकाला हात. एसटी थांबली की खाली उतरून एसटीच्या चाकाला हात. एकदा एका ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "बाबा, पंक्चर काढता का?" काका म्हणाले, "डावं मागचं तापलंय, डेपोत सांग." आणि जागेवर येऊन बसले. ड्रायव्हर उतरला, हात लावला आणि पुढं सगळा वेळ त्यांच्याशी अहो-जाहो करत राहिला.

कॉलनीत सगळे त्यांना दफेदारसाहेब म्हणत. नवीन माणूस कोणी 'हवालदार' म्हणाला तर त्याची धडगत नसे. "हवालदार पायदळात. आमी रिसाला, पयलंचं घोडदळ," एवढं सांगून ते त्याच्याकडं पाठ फिरवत. घरातही त्यांनी हुद्दे वाटले होते. काकू कमांडर. कारण कमांडर वरून सगळीकडं बघतो आणि ड्रायव्हरला नाकासमोरचं तेवढंच दिसतं. "कमांडर म्हनंल तिकडं वळायचं. लढाईत बी आन संसारात बी." मी पहिल्याच आठवड्यात गॅसची टाकी उचलून आत ठेवली, तेव्हापासून मी लोडर, म्हणजे गाडीत तोफगोळे उचलून भरणारा. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, याची मला शंका आहे.

चहाचा तर निराळाच कायदा. त्यांच्याकडं चहा एकाच मोठ्या पांढऱ्या तामचिनी मगमध्ये यायचा आणि तो मग सगळ्यांत फिरायचा. गाडीत चौघं, मग एक, असा त्यांचा हिशेब. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला त्याच मगमधून दोन घोट घेऊन पुढं द्यावा लागे. काकूंच्या माहेरचे लोक यायचे ते याच भीतीनं चहा पिऊन यायचे. काकू मला स्वयंपाकघराच्या दारातून हळूच कपात चहा द्यायच्या आणि "बाहेर बोलू नको" म्हणायच्या.

मात्र गाडी चालवताना हा माणूस एकदम मुका. घरी तोंडाला कुलूप नाही आणि हँडलवर हात पडला की ओठ शिवलेले. त्यांच्या मागं बसून मी कितीदा शहागंज ते गारखेडा आलो असेन. शहागंजात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गारखेड्यात फाटकापाशी, हॉल्ट परेड झाल्यावर मिळायचं. तोवर प्रश्न काय होता हे मी विसरलेलो असे. फौजेत त्यांना 'गूंगा' म्हणायचे, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांची चिलखती ब्रिगेड पश्चिमेच्या सीमेवर होती. तिचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या घरात कुणाची सुटका नव्हती. अंगणात विटा मांडून ते सगळं दाखवत. पाण्याची नळी म्हणजे नदी. पपईच्या झाडाखाली शत्रू. पायदळ रात्रीच नदीपार जाऊन बसलेलं, त्यांच्याकडं रणगाडे नाहीत, आणि दिवस वर यायच्या आत गाड्या पोचल्या नाहीत तर ते सगळे कापले जाणार. नदी कोरडी, पण पात्रात सुरुंग पेरलेले आणि वाळू अशी की पाय ठेवावा तो आत जावा. साफ केलेल्या वाटेवर पहिलीच गाडी रुतली. मागं सगळी ब्रिगेड थांबलेली. इथं काका एक वीट उचलत आणि नळीच्या कडेकडेनं, काकूंच्या गवती चहाच्या वाफ्यातून हळूहळू पलीकडं नेत.

"ह्या एका गाडीनं सरकांड्यातनं, उंच गवतातनं वाट काढली. सुरुंग कुठं हायेत म्हाईत नाय, वाळू कुठं गिळंल म्हाईत नाय. नुसतं गवत कुठं दाट हाय ते बघत गेला ड्रायव्हर. दाट गवत म्हंजे खाली जमीन घट्ट. आन मागच्या सगळ्या गाड्या त्याच्या पट्ट्याच्या खुनेवर पट्टा ठिवून पार झाल्या. एक बी सुरुंग फुटला नाय."

हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, छाती भरून यायची. ऐकणाऱ्याचीही यायची, माझी तर दर वेळी. पण "तुम्ही कुठं होता?" असं कुणी विचारलं की ते विटा गोळा करायला लागत. "मी मागं व्हतो," एवढंच. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. ती कशानं, असं विचारलं तर म्हणत, "झाकन पडलं." कॉलनीतल्या लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की दफेदारसाहेब फार विनयशील आहेत. मीही त्यात होतोच.

मग एक दिवस पोस्टानं ब्रिगेडच्या इतिहासाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. कुणा निवृत्त अधिकाऱ्यानं जुने कागद धुंडाळून लिहिलेलं. काकांनी पाकीट फोडायच्या आधी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मला खाली बोलावलं. "वाच, लोडर. मराठीत सांगत जा." मी ती नदीची लढाई शोधली. सगळं तसंच होतं, विटांनी सांगितलेलं. सरकांडा, वाळू, मागची रांग. आणि मग त्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव होतं. मी ते मोठ्यानं वाचलं आणि उडीच मारली. नाव काकांचं होतं. गाव, हुद्दा, सगळं बरोबर.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"शेवटी यादी आसंल. गेलेल्यांची. त्यात कचरू बघ."

कचरूचं नाव मला सापडलं. त्याच्यापुढं लिहिलं होतं: ट्रकचालक, मागे रसद नेताना तोफगोळ्यानं मृत्यू.

काकांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग त्यांनी वाकडी बोटं माझ्यापुढं धरली आणि जे सांगितलं ते असं. त्या गाडीचे ड्रायव्हर तेच होते, कागदावर. निघायच्या जरा आधी हॅचचं लोखंडी झाकण त्यांच्या बोटांवर पडलं. चेंदामेंदा झालेल्या हातानं गाडीचे दांडे ओढता येत नाहीत. रसदीच्या ट्रकवर कचरू होता, देवगाव रंगारीचा. रणगाडा चालवायला शिकलेला, पण त्या वेळी ट्रकवर नेमलेला. तो स्वतःहून पुढं आला.

"माझा चहा मगमधी अर्धा व्हता. त्यानं दोन घोट घेतले, मग माझ्या हातात दिला आन म्हनला, तू बस, मी आलोच. आन माझ्या शिटावर उतरला."

गाडी नदीपार गेली. दुपारी पलीकडं गोळा लागला. कचरू आणि कमांडर जागच्या जागी गेले. लोडर आणि तोफ डागणारा गनर वाचले. काकांनी तेव्हा वरच्यांना सांगितलं होतं. "हो, नोंद करतो" असं उत्तरही मिळालं होतं. मग युद्धबंदी झाली, पलटण हलली, आणि गाडीच्या यादीत काकांचं नाव आणि ट्रकच्या यादीत कचरूचं नाव जिथं होतं तिथंच राहिलं. पुस्तक लिहिणाऱ्याला याद्या सापडल्या. त्यानं त्या नीट उतरवून काढल्या. माझ्या धंद्यात याला मूळ प्रतीतली चूक म्हणतात. प्रूफं कितीही तपासा, ती सापडत नाही.

"माझं नाव लागलं त्याचं काय नाय रे," काका म्हणाले. "पन वहिनीला काय तोंड दाखवू?"

वहिनी म्हणजे कचरूची बायको. लढाईनंतर दर वर्षी काका देवगाव रंगारीला जात. तिला, मुलाला आणि पुढं नातीला नदीची ती हकीकत सांगत. गावात लोक ऐकून घेत आणि मागं म्हणत, कागदावर तर ट्रक आहे. शाळेतल्या फलकावरही ट्रकचालकच लिहिलेलं. बाई मात्र ठामपणे सांगायची, माझ्या मालकानं रणगाडा नेला, भाऊजींनी सांगितलंय. आणि आता ज्या भाऊजींच्या शब्दावर ती इतकी वर्षं गावाशी भांडली, त्यांचंच नाव त्या जागी छापून आलं होतं.

बातमी कॉलनीत माझ्याच तोंडून फुटली होती, हे कबूल करतो. पुस्तक आलं त्याच संध्याकाळी, खरं काय ते ऐकून घेतल्यावरसुद्धा, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं "पुस्तकात साहेबांचं नाव आहे का?" विचारलं आणि मी सवयीनं "आहे" म्हणालो. झालं. दोन दिवसांत सत्काराची तयारी. शाल, नारळ, फेटा, बॅनर. लोक घरी आले तेव्हा काकांनी मग फिरवला, सगळ्यांना दोन-दोन घोट दिले आणि म्हणाले, "ज्याचा सत्कार करायचा तो नदीपार ऱ्हायला. माझ्या डोक्याला फेटा बांधला तर मी तो सोडून घरी यीन." लोकांना वाटलं, विनय. मी फाटकापर्यंत गेलो आणि सांगितलं, विनय नाही, खरं आहे. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड प्रूफ होतं.

त्यानंतर आम्ही पत्रं लिहायला बसलो. काका सांगत, मी इंग्रजी करी. त्यांच्या पत्रात तक्रारीचा एक शब्द नसे. प्रत्येक पत्राची सुरुवात ब्रिगेडच्या कामगिरीबद्दलच्या अभिमानानं आणि शेवट 'चूक माझीही आहे, मी तेव्हा कागद स्वतः बघायला हवा होता' यानं. मी म्हणायचो, जरा कडक लिहू. ते म्हणायचे, "आपल्याच घराला लिवतोय." काही महिन्यांनी उत्तर आलं, अतिशय आदरानं लिहिलेलं. दफेदारसाहेबांच्या शब्दावर विश्वास आहे, पण ते त्या वेळी गाडीत नव्हते. गाडीत असलेल्या कुणाची साक्ष हवी.

काका पत्र घेऊन अंगणात फिरले. "बरोबर हाय त्यांचं," म्हणाले. "मी गाडीत नव्हतो, मी कशी साक्ष देनार?"

कमांडर कचरूबरोबरच गेलेला. लोडर पुढं म्हातारपणानं गेला होता. उरला गनर, राजस्थानातला. त्याचा पत्ता जुन्या ओळखींतून मिळवायला पुढचं वर्ष गेलं. या सगळ्या काळात काका देवगाव रंगारीला गेले नाहीत. एसटी स्टँडवर मात्र जायचे. गाडी फलाटाला लागली की चाकाला हात लावायचे आणि परत यायचे. हे मला काकूंनी सांगितलं, रडत रडत.

शेवटी गनरचा फोन नंबर मिळाला. एका रविवारी सकाळी मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करत ठेवलं. समोरून थकलेला पण खणखणीत आवाज आला. काकांनी मला बजावलं होतं की तेच गूंगा, हे आधी सांगायचं नाही, आणि त्या सकाळी ते स्वतः एक अक्षर बोलणार नाहीत. आपला साक्षीदार आपणच पढवला असं कुणी म्हणायला नको, हे त्यांचं कारण. ते पायरीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

मी विचारलं, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?

"बेटा, गनर की सीट से ड्राइवर दिखता नहीं. मैंने उस दिन उसका मुँह नहीं देखा."

काकांनी मान खाली घातली.

"पर सुनाई देता है," तो पुढं म्हणाला. "कान में डब्बा लगा रहता है ना, सबकी आवाज़ आती है. हमारा रोज़ का ड्राइवर गूंगा था. गाड़ी चले तो एक शब्द नहीं. उस दिन जो था, वो पूरी नदी बोलता रहा. हमसे नहीं, गाड़ी से."

"काय बोलत होता?" मी मराठीतच विचारून गेलो.

आणि त्या माणसानं, ज्याला मराठीचा गंध नाही, सगळे हेल जसेच्या तसे ठेवून म्हटलं, "दम धर राजा. आलंच बग. दम धर. आलंच बग." मग थोडा थांबून, "इसका मतलब मुझे आज तक नहीं मालूम. पर जब जब अस्पताल में पड़ा रहा, यही कान में आता था. मतलब क्या है, बेटा?"

मी अर्थ सांगितला. मग काका उठले, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "मैं गूंगा बोल रहा हूँ." पुढं दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी वर खोलीत निघून गेलो होतो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

गनरची लेखी साक्ष गेली आणि काही महिन्यांनी फौजेचं पत्र आलं. चूक मान्य केली होती आणि शुद्धिपत्राची एक चिठ्ठी सोबत होती. पत्राच्या खाली अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की आपल्यासारखे लोक आहेत म्हणून ही ब्रिगेड आहे. काकांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"बघितलंस? चूक झाली म्हनाले. एवढी मोठी फौज, पन म्हनाले."

मी तोंड सांभाळायला कधीच शिकलो नाही. म्हणालो, "काका, आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. शुद्धिपत्र कोणी वाचत नाही. ते पुस्तकातून गळून पडतं."

"मग चिकटवायचं," काका म्हणाले.

त्यांनी माझ्या प्रेसमध्ये तसल्याच चिठ्ठ्या छापून घेतल्या, पुस्तकातल्या ज्या ओळीत त्यांचं नाव होतं तिच्या बरोबर मापाच्या. जुन्या साथीदारांपैकी ज्याच्या ज्याच्याकडं पुस्तक होतं त्या प्रत्येकाला पोस्टानं पाठवल्या, सोबत डिंकाची छोटी बाटली. मी म्हणालो, डिंक त्यांच्याकडं असेल की. ते म्हणाले, "आसंल. पन उद्या लावू म्हनतील."

मग आम्ही दोघं देवगाव रंगारीला गेलो. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि या खेपेला गाडी मी चालवत होतो. घर साधं, नीटनेटकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी गणवेशातला एक तरुण, ओठांवर हसू सांडत असलेला. नातीनं "जयभीम आजोबा" म्हणत काकांच्या पायांना हात लावला. वहिनी खाटेवर बसल्या होत्या.

"भाऊजी, दोन वर्सं आला न्हाईत."

"तोंड नव्हतं, वहिनी."

काकांनी पुस्तक उघडून सगळं सांगितलं, आपलं नाव छापलं होतं तेही. काही झाकलं नाही. मग नातीनं चिठ्ठी वाचली आणि आजीला मराठीत समजावली. वहिनींनी नुसती मान हलवली. त्यांना हे आधीच ठाऊक होतं. कागदाला आत्ता कळलं होतं. मग मी मोबाइल काढला आणि गनरचा आवाज लावला.

दम धर राजा. आलंच बग.

बाईंचा हात तोंडाशी गेला. "हे त्ये बैलाला म्हनायचे," त्या म्हणाल्या. "नांगराला. ढेकळं मोठी आली की." त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. "बैल आमचे नव्हते, दुसऱ्याचे. तरी राजा म्हनायचे."

सून कपांचा ट्रे घेऊन आली. काकांनी तो परत पाठवला आणि पिशवीतून तो तामचिनी मग काढला. चहा त्यात ओतला. पहिले दोन घोट त्यांनी वहिनींना दिले, मग सुनेला, नातीला, मला. शेवटी स्वतः घेतले. त्या घरातून निघाल्यावर ते शाळेत गेले आणि फलकावरचं 'ट्रकचालक' रंगाऱ्याकडून पुसून घेईपर्यंत उन्हात उभे राहिले. हेडमास्तर खुर्ची घेऊन आले होते. काका बसले नाहीत.

मी पुढं लग्न करून ती खोली सोडली, पण दिवाळीला अजून जातो. काका आता काठी घेऊन चालतात. माझी कार फाटकाशी थांबली की काठी भिंतीला टेकवून, कसेबसे वाकून चाकाला हात लावतातच. अंगणात विटा मांडायला आता जमत नाही. त्याऐवजी घरी कुणी नवीन माणूस आला की ते पुस्तक आणायला सांगतात, ते पान उघडतात आणि ओळीवर चिकटवलेली चिठ्ठी दाखवतात. गेल्या दिवाळीला माझ्या मुलीला दाखवली. तिनं कचरूचं नाव वाचलं. काकांनी वाकडं बोट त्या चिठ्ठीवरून फिरवलं, कडा कुठं सुटली नाही ना ते बघितलं आणि छाती काढून म्हणाले, "ह्याच्या खाली माझं नाव हाय. दिसतंय का?"

ती म्हणाली, "नाही दिसत, आजोबा."

"बास," काका म्हणाले आणि चहाचा तो मग तिच्या हातात दिला.